डाव्या हाताची शिकवणी

"कुणी बोट लावायचं नाही हं! लेंकरूच घेईल काय ते," सरोजाबाईंनी दम भरला, तसे पाटाभोवती पुढे झालेले सगळे हात मागे सरले.

नऊ महिन्यांच्या अद्वयचं लांबलेलं उष्टावण होतं. पायसाचा पहिला घास खाऊन झाला होता, त्यातला निम्मा हनुवटीवर होता, आणि आता ताटलीत मांडलेल्या वस्तूंपैकी बाळ काय उचलतं हे बघायला नंगनल्लूरच्या त्या लहानशा हॉलमध्ये अख्खा मजला जमला होता. ताटलीत पुस्तक होतं, अंगठी होती, मूठभर भात होता आणि अगदी डाव्या कडेला पेन होतं. वडिलांच्या, म्हणजे व्यंकटेशच्या, मांडीला टेकून बसलेल्या अद्वयनं ताटलीकडे पाहिलं, पेनाकडे पाहिलं, आणि मग सगळं अंग पिळत उजवा हात ताटलीच्या पार पलीकडे नेऊन पेन पकडलं. टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला.

"बघ्लात का?" सरोजाबाईंचा, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात मुरलेल्या मराठीतला, आवाज जिन्यापर्यंत गेला असेल. "पेन तेच्या डाव्या अंगास होता. तरी डावा हात पुढे केला नाही माझ्या राजानं! मज काहीच शिकवायला नको. पोटातूनच शिकूनशी आलाय."

"टीचरम्मांचा नातू आहे," शेजारच्या विजयलक्ष्मी मामी म्हणाल्या. त्यांनी बाळावरून हात ओवाळून कानशिलावर बोटंही मोडली. नीलमनं, अद्वयच्या आईनं, हे सगळं फोनवर टिपलं. बाळाचा डावा हात तेवढा वेळ छातीशी होता. मूठ मिटलेली, अंगठा मुठीच्या आत. तिकडे पाहायचं कुणाला सुचलं नाही, आणि का सुचावं?

सरोजाबाईंच्या अभिमानाला कारण होतं. तिरुवल्लिक्केणीच्या एका शाळेत तीस वर्षं त्यांनी बालवर्ग सांभाळला होता, आणि डावखुऱ्या मुलांना उजव्या हाताची सवय लावणं ही त्यांची खासियत होती. त्या कधी मारत नसत. डाव्या हातातली पेन्सिल काढायची, उजव्यात द्यायची, हसायचं. पोरगं पुन्हा डाव्यात घेई, त्या पुन्हा काढत. शेवटी पोरगंच कंटाळायचं. आईबाप लांबून मुलं घेऊन यायचे. स्वतःचा मुलगा व्यंकटेश हा त्यांचा पहिला विद्यार्थी. तो आजही क्रिकेट डाव्या हाताने खेळतो आणि जेवतो-लिहितो उजव्याने. नीलम मूळची नाशिकची. लग्न होऊन आली तेव्हा ती या प्रकाराला खूप हसली होती.

पण अद्वयच्या बाबतीत हसण्यासारखं फार काही घडलं नव्हतं. तो दिवस भरण्याच्या जवळजवळ तीन महिने आधीच जन्मला. वजन किलोभराच्या जरासं वर. किती तरी आठवडे काचेच्या पेटीत, नळ्यांमध्ये. सरोजाबाई बाहेरच्या बाकावर बसून असायच्या आणि दार उघडलं की आत डोकवायच्या. त्यातून वाचून घरी आलेलं हे बाळ साधं शिंकलं तरी त्यांना कौतुक वाटे. मग त्यानं उजव्या हातानं पेन उचलल्यावर त्या गप्प बसणं शक्यच नव्हतं.

म्हणूनच पुढच्या आठवड्यात अड्यारला तपासणीसाठी गेल्यावर त्यांनी डॉक्टर शेषाद्रींना नमस्कार केला आणि लगेच नीलमच्या हातातला फोन घेतला. लवकर जन्मलेल्या बाळांचं तिथे वेगळं केंद्र होतं.

"डॉक्टर, आधी हे बघा," त्या तमिळमध्ये म्हणाल्या. "एवढंसं बाळ, पण डाव्या हातानं काही म्हणजे काही घेत नाही."

डॉक्टरांनी व्हिडिओ हसत हसत पाहिला. मग पुन्हा पाहिला. तिसऱ्यांदा पाहताना त्यांचं हसू मावळलेलं होतं. त्यांनी फोन बाजूला ठेवला, खणातून लोकरीचा एक लाल चेंडू काढला, बाळाचा उजवा हात हलकेच धरून ठेवला आणि चेंडू डावीकडून पुढे केला.

अद्वयला चेंडू हवा होता, यात काही शंकाच नव्हती. त्याचे डोळे मोठे झाले, तोंड उघडलं, सगळं अंग चेंडूकडे झुकलं. डावा हात खांद्यापासून थोडासा उचललाही गेला. पण मूठ काही उघडेना. मग तो रडायला लागला.

"आजी," डॉक्टर म्हणाले, "इतक्या लहान बाळाला उजवं-डावं नसतं. पहिल्या वर्षभरात दोन्ही हात सारखेच चालायला हवेत. हा डावा हात वापरत नाही, कारण त्याला तो वापरता येत नाही. मेंदूकडून त्या हाताला नीट निरोपच जात नाहीये."

मग त्यांनी बाळाचे हात, पाय, मान सगळं सावकाश तपासलं. डोक्याचा स्कॅन करायला सांगितला. आणि तो शब्द उच्चारला. सेरेब्रल पाल्सी. डाव्या अंगाची.

"बरा कधी होईल?" नीलमनं विचारलं.

"बरा होईल असं मी म्हणणार नाही. मेंदूला जिथे इजा झाली आहे ती तशीच राहणार. पण मेंदू अजून कोवळा आहे, आत्ता शिकवलं तर तो दुसऱ्या वाटा काढतो. माझ्याकडे दोन-दोन वर्षांची मुलं येतात, मूल चालत नाही म्हणून. तोवर तो हात आपल्याला आहे हेच मूल विसरून गेलेलं असतं. तुम्ही पुष्कळ लवकर आलात."

आलो कसले, फुशारकी मारायला आलो, असं सरोजाबाईंच्या मनात आलं. त्यांना डॉक्टरांच्या टेबलाखाली लपावंसं वाटलं.

परतताना त्यांनी रिक्षा केली. गिंडी मागे पडल्यावर नीलम रस्त्याकडे पाहत म्हणाली, "याच्या आधीच कळलं असतं, अम्मा. जन्मायची खरी तारीख उलटून तीन महिने झाले तेव्हाच त्यांनी व्हिडिओ मागवला होता."

मागवला होता. बाळाला लंगोटावर उताणं निजवायचं, खेळणं द्यायचं नाही, कुणी बोलायचं नाही. नुसते त्याचे हातपाय कसे हलतात ते टिपून पाठवायचं. त्या हालचालींवरून जाणत्या डोळ्यांना पुढचं पुष्कळ कळतं. त्यावरून दोघींचं चांगलंच वाजलं होतं. उघड्या लेंकराचा व्हिडिओ कुणाकुणाच्या फोनवर जाणार, दृष्ट लागेल, माझ्या घरात हे चालायचं नाही, असं सरोजाबाई बोलल्या होत्या. शेवटी नीलमनं माघार घेतली होती. आता सरोजाबाईंनी बाळाला छातीशी आणखी घट्ट धरलं.

स्कॅननं डॉक्टरांचं म्हणणं खरं ठरवलं आणि अद्वयची शिकवणी सुरू झाली. शिकवायला होती कामाक्षी. त्याच केंद्रातली थेरपिस्ट, वयानं लहान, बोलायला फटकळ. तिनं पहिल्याच दिवशी एक मऊ मोजा काढून अद्वयच्या चांगल्या, उजव्या हातावर चढवला.

"रोज थोडा वेळ उजवा हात असा बंद ठेवायचा. खेळ मात्र भरपूर. आणि जे द्यायचं ते डाव्या बाजूनं. खुळखुळा, चमचा, खाऊ."

"खाऊसुद्धा? डाव्या हातात?" सरोजाबाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"खाऊ तर आधी, पाट्टी," आजींना अशी तमिळ हाक मारून कामाक्षी म्हणाली, "मोजा घातल्यावर चिडू लागला तर थांबायचं, थोड्या वेळानं पुन्हा. पण वस्तू त्याच्या मुठीत कोंबायची नाही. हात पुढे येईपर्यंत वाट बघायची. हेच सगळ्यात अवघड आहे, घरच्यांना धीर निघत नाही."

नीलम श्रीपेरुंबुदूरला फोनच्या कारखान्यात इंजिनियर होती. कंपनीची बस सकाळी तिला नेई ती पार संध्याकाळी आणून सोडी. व्यंकटेशचीही तीच गत. म्हणजे शिकवणी सरोजाबाईंनीच घ्यायची. त्यांनी मान डोलावली आणि घरी येऊन मोजा घडी करून कपाटात ठेवून दिला.

काही केलं नाही असं नव्हे. डाव्या हाताला तेल लावून तासन्‌तास चोळलं. मारुतीला नवस बोलून झाला. पण इडलीचा तुकडा दिला तो उजव्याच हातात. अन्न डाव्या हातात द्यायला त्यांचा हातच पुढे होईना. देवाच्या प्रसादाला, पुस्तकाला, वडीलधाऱ्यांना जो हात कधी लावू दिला नाही, तोच हात आता लेंकराला दाखवायचा? आजवर जे शिकवलं ते मग काय होतं?

पुढच्या खेपेला कामाक्षीनं बाळाला पाहिलं आणि विचारलं, "मोजा घातलाच नाही ना?" आणि तिथूनच नीलमला फोन लावला.

त्या संध्याकाळी नीलमनं बॅगही खाली ठेवली नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "अम्मा, मी उद्या राजीनामा देते."

"कसाला गे?"

"तुमच्याच्यानं होणार नाही, म्हणून. मी घरी बसते, मी करते. आधी तीन महिने गेले, आता हे दिवस. त्याच्या हाताचा वेळ चाललाय, अम्मा! नंतर तुम्ही सोन्याचा मोजा घातला तरी उपयोग नाही." आणि मग ती इतकी रडली की अद्वयसुद्धा तिच्याकडे टक लावून पाहत राहिला.

सरोजाबाई स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी आवरत बसल्या. थोड्या वेळानं व्यंकटेश आत आला. ओट्याला टेकून उभा राहिला.

"अम्मा, अस्क्या तिरुवल्लिक्केणीचे डावे हात तू सोडवलेस. माझा पण. एका डाव्या हाताला वळण लावायला येणार नाही काय तुज?"

"चेष्टा करतोस?"

"नाही गे. खरं विचारतों. येणार नाही म्हण. नीलम घरी बसेल. पण तुजएवढा थांबायला तिला यायचं नाही. मी पेन्सिल पुन्हा पुन्हा डाव्यात घ्यायचों आणि तू काढायचीस. एक दिवस पण चिडली नाहीस. असं थांबणारं माणूस ती कामाक्षी शोधते आहे."

तीस वर्षांच्या नोकरीत "तुम्हाला येणार नाही" असं सरोजाबाईंना कुणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी नीलम बसला जायच्या आधीच त्यांनी कपाटातून मोजा काढला, तिच्या देखत अद्वयच्या उजव्या हातावर चढवला आणि म्हणाल्या, "जा तू. बस चुकेल."

पहिले दिवस वाईट गेले. मोजा दिसला की अद्वय आकांत मांडायचा. मोजा तोंडात घालायचा, ओढायचा, आजीकडे असं बघायचा की जगात इतकं दुष्ट माणूस दुसरं नाही. सरोजाबाई मोजा काढत, त्याला घेऊन गॅलरीत फिरत, आणि शांत झाला की पुन्हा चढवत. पुष्कळदा त्याच्याबरोबर त्याही रडल्या. केळ्याचा तुकडा त्याच्या डाव्या बाजूला धरून बसायच्या, तुकडा हातातच काळा पडायचा, खांदा हलायचा आणि मूठ तशीच. तो तुकडा मुठीत सरकवून द्यायला बोटं शिवशिवायची. पण नाही. वाट बघण्यात त्या कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या, आणि हे त्यांना पेन्सिलींच्या दिवसांपासूनच ठाऊक होतं. हळूहळू मोज्याचा राग कमी झाला. मोजा म्हणजे अज्जी खेळणार, हे अद्वयला कळू लागलं.

केंद्रातल्या खेळण्यांना तो भीक घालत नव्हता. त्याला आवडायच्या आजीच्या काचेच्या बांगड्या. मग सरोजाबाई मनगट त्याच्या डाव्या अंगाला नेऊन बांगड्या वाजवत आणि थांबत. वाजवत आणि थांबत. एका दुपारी तो हात उठला. लटपटत, वाट चुकत, एकदा गालाला लागून परत आला, आणि मग बांगड्यांपर्यंत पोचला. अंगठा मुठीतून बाहेर आला. एक बांगडी दोन बोटांत अडकली, आणि त्यानं ती ओढली.

सरोजाबाईंनी हूं की चूं केलं नाही. तो सोडेपर्यंत मनगट हलवलं नाही. मग मात्र त्यांनी नीलमला फोन लावला, आणि मराठी-तमिळची अशी सरमिसळ केली की कारखान्याच्या कँटीनमध्ये बसलेल्या नीलमला आधी वाटलं, घरात कुणाला तरी काहीतरी झालं.

"धरला गे! माझी बांगडी धरला! डाव्यानं! ओढला पण!"

नीलम ताटावरून उठली आणि सगळ्यांच्या देखत ढसाढसा रडली. शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी बायका पाणी घेऊन धावल्या. त्यांना ती रडता रडता सांगत होती, चांगलं झालंय हो, खूप चांगलं झालंय.

त्यानंतर सरोजाबाई सुटल्याच. भोपळ्याच्या बिया, मुरुक्कूचे, म्हणजे चकलीचे, तुकडे, डब्यांची झाकणं, कपड्यांचे चिमटे, घरातली एकही वस्तू शिकवणीतून वाचली नाही. कामाक्षी सांगे त्याच्या वर दोन गोष्टी त्या करायच्या, आणि कामाक्षी रागावली की मुकाट्यानं कमीही करायच्या. मोजा पुढे लागेनासा झाला. मग दोन्ही हातांचे खेळ आले. डावा हात उजव्यासारखा होणार नव्हता, हे कामाक्षीनं स्पष्टच सांगितलं होतं. तो मदतनीस होणार, आणि चांगला मदतनीस व्हायला हवा. अद्वय उशिरा उभा राहिला, उशिरा चालला. बुटात आधाराची पट्टी घालून चालला, पण चालला. धावताना डावा पाय थोडा घासत असे. त्याची त्याला पर्वा नव्हती, आणि त्याला आवरता आवरता घरच्यांच्या नाकी नऊ येत होते.

तो तीन वर्षांचा झाला आणि विजयादशमी आली.

विजयादशमीला सकाळी सरोजाबाईंच्या घरी मुलांची रांग लागते. शाळेतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी आसपासच्या लोकांना आपल्या मुलाचं पहिलं अक्षर टीचरम्मांच्या हातून काढून घ्यायचं असतं. पितळी ताटात तांदूळ पसरलेले असतात. मूल पुढ्यात बसतं, त्या त्याचं उजवं बोट धरून तांदळात आधी देवनागरी 'अ' काढतात, मग तमिळ 'अ', मग मुलाला एकट्याला काढायला लावतात. डावा हात मांडीखाली, हा नियम. या वर्षी रांगेत पहिला अद्वय होता.

तो नवा पट्टूचा रेशमी सदरा घालून ताटापुढे बसला. आजीनं बोट धरून 'अ' काढून दाखवला, तांदूळ सारखे केले. पुन्हा बोट धरू गेल्या तर त्यानं ते सोडवून घेतलं.

"नाने, अज्जी! नाने!" मीच, मीच. आजीच्या मराठीपेक्षा त्याला अंगणातली तमिळ जास्त जवळची होती.

"सरी. कर तू." सरोजाबाई हात सोडून मागे झाल्या.

त्यानं बोट तांदळात रोवलं आणि जोर लावला. गुळगुळीत फरशीवरून ताट सरकलं, अक्षर फाटलं. त्यानं पुन्हा सुरुवात केली. ताट पुन्हा सरकलं. तो वैतागला. नीलम पुढे झाली, तिला सरोजाबाईंनी नजरेनंच थांबवलं. बाजूला बसलेल्या सगळ्या आया माना उंचावून बघू लागल्या.

अद्वय ताटाकडे बघत राहिला. मग त्याचा डावा हात मांडीवरून उठला. मनगट अजून नीट वळत नव्हतं, म्हणून हात आधी ताटाच्या बाहेर पडला. त्यानं तो पुन्हा उचलला. बोटं एकेक करून उघडली, अंगठा सर्वांत शेवटी, आणि हात ताटाच्या काठावर येऊन बसला. ताट स्थिर झालं. उजव्या बोटानं तो 'अ' काढू लागला, जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून.

"टीचरम्मा," विजयलक्ष्मी मामी हळूच म्हणाल्या, त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, "आजच्या दिवशी ताटाला डावा हात?"

सरोजाबाई उत्तर द्यायला वळल्या आणि थबकल्या. इतकी वर्षं मुलांची उजवी बोटं त्या आपल्या उजव्या हातात धरत आल्या होत्या. मग ताट सरकू नये म्हणून ते कोण धरत आलं होतं? त्यांनी स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं. अंगठ्याच्या पेरावर ताटाच्या काठाचा वळ अजून उमटलेला होता. प्रत्येक विजयादशमीला, प्रत्येक मुलाच्या पहिल्या अक्षराला हाच हात लागला होता, आणि त्यांना एकदाही ते दिसलं नव्हतं.

"मामी," त्या हसत म्हणाल्या, "आजवर अस्की ताटं मी ह्याच हातानं धरलों. तुमच्या मुलाचं पण. तेचा अक्षर चुकला काय?"

विजयलक्ष्मी मामींचा मुलगा बँकेत मॅनेजर होता. त्या आधी गोंधळल्या, मग खुदकन हसल्या, आणि सगळा हॉल हसला. अद्वयनं वर पाहिलंसुद्धा नाही. त्याचा 'अ' वाकडा होता, एका बाजूला कलला होता, पण तो 'अ'च होता. नीलमनं तोंडावर पदर धरला होता. व्यंकटेश खिडकीबाहेर काहीतरी बघत असल्यासारखा उभा होता.

"झाला," अद्वयनं जाहीर केलं आणि तो पेढ्याकडे धावला.

सरोजाबाईंनी डोळे पुसले, तांदूळ सारखे केले. रांगेत पुढची होती वरच्या मजल्यावरची ऊर्मी. तिच्या आईनं, रुचिरानं, तिला घरून सगळं नीट पढवून आणलं होतं. ती पुढ्यात येऊन शहाण्यासारखी बसली, उजवं बोट पुढे केलं आणि डावा हात मांडीखाली दाबून ठेवला.

सरोजाबाईंनी तो हात अलगद बाहेर काढला, त्याची बोटं सरळ केली आणि ताटाच्या काठावर ठेवली.

"ह्यानं धर," त्या म्हणाल्या. "घट्ट धर. आता लिही."